खटका वर राहात नाही, तेव्हा
(भाषणाचा मजकूर)



लासलगावचे नाव कांद्यामुळे देशभर पोहोचले. १९४७ साली येथे बाजार समिती स्थापन झाली आणि निफाड तालुक्यातील हे गाव कांद्याची मोठी बाजारपेठ बनले. उन्हाळ कांदा चाळीत भरून पावसाळाभर राखणे, हा या परिसराचा नित्यक्रम होय. मात्र याच पावसाळ्यात घरांच्या भिंती ओलावतात, चाळीपर्यंत ओढलेल्या वायरी भिजतात, उंदीर त्यांचे वेष्टन कुरतडतात. मग एखाद्या सायंकाळी मीटरजवळील सुरक्षा-खटका खाली पडतो आणि वर केला तरी राहात नाही. अशा वेळी घरातील कर्ता माणूस काय करतो, यावर कित्येकदा कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

या उपकरणास आरसीसीबी म्हणतात. बोलीत ईएलसीबी हे जुनेच नाव रूढ आहे. फेजच्या तारेने गेलेला प्रवाह न्यूट्रलच्या तारेने तितकाच परतला की नाही, हे ते सतत पडताळते. हिशेबात तफावत पडली, म्हणजे प्रवाह ओल्या भिंतीतून, यंत्राच्या पत्र्यातून अथवा माणसाच्या देहातून जमिनीत जात आहे, असा त्याचा अर्थ. घरगुती उपकरण ३० मिलिअँपिअर गळतीला ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, सुमारे १६ मिलिअँपिअर प्रवाहाला सरासरी पुरुषास आणि सुमारे १०.५ मिलिअँपिअरला सरासरी स्त्रीस हातातील तार सोडता येत नाही. यावरून या खटक्याचे मोल ध्यानी यावे.

खटका राहात नसेल, तर प्रथम हात कोरडे करावेत, पायांत चपला घालाव्यात. सर्व एमसीबी बंद करून घरातील सर्व प्लग काढावेत. नंतर खटका पूर्ण खाली दाबून मग वर न्यावा. अर्धवट राहिलेला खटका अडकत नाही आणि पुष्कळदा घोटाळा एवढाच असतो. खटका टिकला, तर एकेक एमसीबी सुरू करावा. ज्याने तो पडेल, त्या लाइनच्या वायरिंगमध्ये दोष आहे. ती लाइन बंद ठेवून बाकीचे घर चालविता येते. सर्व एमसीबी टिकले, तर एकेक प्लग लावून पाहावा. गीझर, इस्त्री, कूलर, पाण्याची मोटार यांपैकी एखादे साधन बहुधा दोषी निघते. कधी मात्र कोणतेच एक साधन दोषी नसते. अनेकांची थोडीथोडी गळती मिळून मर्यादा ओलांडली जाते.

सर्व एमसीबी बंद व सर्व प्लग काढलेले असूनही खटका टिकत नसेल, तर प्रकरण निराळे. साध्या एमसीबीने केवळ फेज तुटते. न्यूट्रल जोडलेलीच राहते. न्यूट्रल आर्थिंगला कोठे तरी टेकली असेल, मुख्य वायरमध्ये ओल असेल किंवा खटकाच नादुरुस्त झाला असेल. येथे घरच्यांनी थांबावे. इन्सुलेशनची परीक्षा मेगरने करावी लागते. ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच.

सर्वांत घातक उपाय म्हणजे खटका वगळून तारा 'डायरेक्ट' जोडणे. दिवे लागतात, काम होते आणि दोष तेथेच राहतो. आता मोटारीच्या पत्र्याला हात लागला, तर वीज तोडणारे कोणी नसते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास हा खटका वाचवीत नाही, तसेच वायरवरील अतिभारही रोखत नाही; अतिभारासाठी एमसीबी लागतो. खटक्यावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. त्याने खटका पडला पाहिजे. तो न पडल्यास उपकरण बदलावे. मात्र वीज असतानाच ही चाचणी करावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी मृगापूर्वी अंगणवाडी, शाळा व पाणीपुरवठ्याची मोटार यांवरील खटक्यांची चाचणी घडवून आणावी. शिक्षकांनी बटण दाबण्याचा हेतू मुलांना समजावून द्यावा. मुलांबरोबर ते ज्ञान घरोघर पोहोचेल. खाली पडलेला खटका ही अडचण नसून वेळीच मिळालेली सूचना आहे. ती ऐकण्याची सवय गावाला लागली, तर अनेक घरांवरील अनर्थ टळतील.