मन रमविण्याची सवय

(नवेगाव बांध येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मनाच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याला एक तर मनोरुग्णालय आठवते, नाही तर कीर्तन. या दोहोंच्या मधला जो मोठा प्रदेश आहे, म्हणजे आपले रोजचे जगणे, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण बदलीने या भागात आलेले आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्याचा आदेश हाती पडला की 'शिक्षेची जागा' हा शब्द कचेरीत सहज उच्चारला जातो. माझ्या मते खरी हानी हा शब्दच करतो. एकदा तो मनात बसला की माणूस येथे राहतो, पण वसत नाही. कुटुंब गोंदियाला किंवा नागपूरला, शनिवारी गाडी गाठावयाची, सोमवारी परतावयाचे. आणि मधल्या संध्याकाळी त्याच त्या अन्यायाचा रवंथ करीत बसावयाचे. त्या रिकाम्या संध्याकाळींतून पुढे काय उद्भवते, हे येथील सरपंचांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

याच गावी वनखात्याचे एक अधिकारी नोकरीनिमित्त राहून गेले. मारुती चितमपल्ली हे त्यांचे नाव. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस छत्तीस वर्षे रानावनांत नोकरी करून १९९० साली निवृत्त झाला. आडवळणाच्या जागा त्यांच्याही वाट्याला आल्याच. परंतु त्यांनी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या होत्या. दिसेल त्या पाखराचे, झाडाचे नाव स्थानिक माणसाला विचारावयाचे आणि ते टिपून ठेवावयाचे. हुद्द्याने मोठा असलेला माणूस आदिवासींसमोर विद्यार्थी होऊन बसला. गावचे माधवराव पाटील यांच्यासारखा अरण्याचा जाणकार त्यांना येथेच लाभला. वय वाढल्यावरही ते पंडितांकडे संस्कृत शिकले. बगळ्यांच्या सामूहिक वीणवसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द त्यांनी मराठीत रूढ केले. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक येथल्याच मुक्कामातून आले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली पद्मश्री त्यांना मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

सर्वांनीच ग्रंथकार व्हावे असे माझे म्हणणे नाही. एवढेच पाहावे, की विचारणे आणि टिपणे या दोन्ही क्रिया मनाला स्वतःच्या दुखण्यावरून उचलून बाहेरच्या वस्तूवर ठेवतात. चक्रवाक पाण्यावर उतरताना जो खरोखर पाहात असतो, त्याला तेवढा वेळ सेवाज्येष्ठतेची यादी आठवत नाही. शाळेत एक वही ठेवावी, मुलांनी आज काय पाहिले ते तीत लिहावे, गुरुजींनीही लिहावे. यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. (आणि कृपया तिचा मासिक अहवाल कोणी मागवू नये!)

दुसरी सवय गावाकडूनच घ्यावी. हा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पूजतात. तलावाभोवतीची सात शिखरे म्हणजे सात बहिणी, त्यांनी बांधाला हातभार लावला, अशी कथा आहे. कथेची ऐतिहासिकता अभ्यासकांनी तपासावी. मला लक्षणीय वाटते ते हे, की आपल्या धानाला ज्याच्यामुळे पाणी मिळते त्याची आठवण या लोकांनी इतकी वर्षे टाकली नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुण्यांनी घरे भरतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. बदलीचा माणूस मात्र नेमका त्या दिवशी खोलीचे दार लावून बसतो. त्याला बोलावणे हे यजमान गावाचेही काम आहे. ग्रामसेवक जेवला की नाही, हे पंचायत सदस्याने विचारावयास काय हरकत आहे?

येथे एक इशारा दिला पाहिजे. मन रमविण्याच्या सवयी निरोगी मनाला बळ देतात. आजारावर त्या उपचार नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातील गोडी नाहीशी झाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्या माणसाला पाखरे पाहा असे सांगणे हे क्रौर्य आहे. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. भगताकडे जावयाचे तर जा, पण दवाखाना चुकवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेत असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६. तो ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर आजच लिहावा.