दोन भाषांत वाढणारे मूल

(सीमाभागातील पालकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सीमाभागातील सभेत बोलावयाचे म्हटले की ठराव आणि निवेदने वक्त्याच्या तोंडी आपोआप येतात. आज ती बाजूला ठेवून मी एका घरगुती प्रश्नाकडे वळणार आहे. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत इंग्रजी अशा परिस्थितीत वाढणाऱ्या मुलाची बुद्धी वाढते की गोंधळते? पुष्कळ आईबापांच्या मनात एकच धास्ती असते : एक ना धड, भाराभर चिंध्या!

या धास्तीतून दोन उपदेश निघतात. पहिला उपदेश इंग्रजी शाळांच्या दारात ऐकू येतो : घरात मराठी बोलणे बंद करा, म्हणजे मुलाचे इंग्रजी सुधारेल. दुसरा आपल्याच मंडळींच्या तोंडी असतो : दोन भाषांच्या ओझ्याखाली कोवळा मेंदू दबतो, सबब दुसरी भाषा नको. पहिला उपदेश मराठीच्या मुळावर येणारा, दुसरा मराठीच्या कैवाराचा. परंतु दोघांचे गृहीत एकच! मुलाचा मेंदू म्हणजे ठरावीक मापाचे मापटे. त्यात एक भाषा ओतली की दुसरी सांडणारच. या गृहीताची गेली शंभर वर्षे जगभर तपासणी चाललेली आहे. तिचा इतिहास आपण जाणून घ्यावा, कारण तो आपल्यासारख्याच लोकांच्या मुलांवर घडलेला आहे.

१९२३ साली सेअर नावाच्या संशोधकाने वेल्समधील मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या कुशीला असलेला, स्वतःची प्राचीन भाषा बोलणारा डोंगराळ मुलूख. सात ते चौदा वर्षे वयाची सुमारे १४०० मुले त्याने तपासली. खेड्यांतील वेल्श व इंग्रजी अशा दोन्ही भाषा जाणणारी मुले केवळ इंग्रजी जाणणाऱ्या मुलांपेक्षा सुमारे दहा गुणांनी मागे आढळली. सेअरने निदान केले की दोन भाषांमुळे मुलांच्या मनात गोंधळ माजतो. झाले! हा निष्कर्ष शाळाखात्यांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे वेदवाक्यासारखा राहिला. १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी परदेशांतून आलेल्या कुटुंबांचा असाच हिशेब मांडला : ज्या समाजात घरी परकी भाषा अधिक, त्या समाजाची मुले बुद्धिमापनात मागे.

आता सेअरच्याच कागदांत एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. शहरांतील द्विभाषिक मुले मागे नव्हती. ती एकभाषिकांच्या बरोबरीने होती. वेल्श भाषेनेच जर बुद्धी मंदावत असेल तर ती खेड्यात मंदावते आणि शहरात मंदावत नाही, हा चमत्कार कसा? उत्तर सरळ आहे. खेड्यातील वेल्श बोलणारे मूल शेतमजुराचे आणि लहान कुळाचे. इंग्रजी बोलणारे मूल बहुधा बरी स्थिती असलेल्या घरातले. संशोधक दारिद्र्य मोजत होता आणि निकाल भाषेच्या नावावर लिहीत होता. १९५९ साली वेल्समध्येच डब्ल्यू. आर. जोन्स यांनी आईबापांच्या व्यवसायाचा हिशेब धरून ही तुलना पुन्हा तपासली, तेव्हा भाषेमुळे पडणारा म्हणून सांगितलेला फरक उरला नाही. मधल्या छत्तीस वर्षांत किती वेल्श आयांनी मुलाच्या कल्याणासाठी म्हणून आपली भाषा घशातच आवळली असेल, याचा हिशेब कोणत्या पुस्तकात मिळणार?

खरा कलाटणीचा प्रसंग कॅनडातील माँट्रियल शहरी घडला. एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट या दोघांनी १९६२ साली आपले संशोधन छापले. त्यांनी फ्रेंच शाळांतील दहा वर्षांची मुले घेतली. ७५ केवळ फ्रेंच जाणणारी आणि ८९ फ्रेंच व इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारी. वय, मुलगा की मुलगी, आणि विशेषतः घरची सांपत्तिक व सामाजिक स्थिती यांची बरोबरी साधून मग परीक्षा घेतली. द्विभाषिक मुले बहुतेक कसोट्यांत सरस ठरली. शब्दांच्याही आणि चित्राकृतींच्याही. चाळीस वर्षांचे पाखंड एका निबंधाने उलटले. तथापि न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की दोन्ही भाषांत पारंगत मुलेच निवडल्यामुळे मुळात हुशार मुलेच त्या गटात आली असतील, हा आक्षेप बिनतोड आहे. द्विभाषिकतेने बुद्धी वाढली की बुद्धिमान मुलेच द्विभाषिक झाली, हे त्या अभ्यासाने ठरत नाही, आणि संशोधकांनाही त्याची जाणीव होती.

हा आक्षेप ज्याला लागू होत नाही असा अभ्यास परदेशात शोधावयास नको. तो आपल्याच देशात झालेला आहे. ओडिशातील फुलबाणीच्या डोंगराळ भागात कंध नावाची आदिवासी जमात राहते. तिची मूळ भाषा कुई. काही भागांतील कंधांनी कुई टिकवली आणि उडियाही आत्मसात केली. दुसऱ्या काही भागांत कुई लोपली आणि कंध केवळ उडिया बोलू लागले. जात एक, दारिद्र्य एक, देवदेवस्की एक, शेतीभाती एक. फरक एवढाच की एकाकडे दोन भाषा आणि दुसऱ्याकडे एक. आणि हा फरक कोणा मुलाच्या हुशारीमुळे पडलेला नव्हता; ज्या गावात जन्म झाला त्या गावाने तो ठरवला होता! अजित मोहंती यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून या मुलांवर अभ्यासांची मालिका केली आणि १९९४ साली तिचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने काढले. कुई टिकवलेली द्विभाषिक मुले बौद्धिक कसोट्यांत सरस आढळली. विशेषतः भाषेचाच विचार करण्याच्या कामी. वस्तूला नाव असते ते लोकांनी ठरवले म्हणून, वस्तूच्या अंगी चिकटलेले नव्हे, हे त्यांना लवकर उमगे. ज्या भाषेला रानटी म्हणून हिणवले जाई, ती जपणाऱ्यांची मुले ती टाकणाऱ्यांच्या मुलांपेक्षा मागे पडली नाहीत. मला हा अभ्यास माँट्रियलपेक्षाही मोलाचा वाटतो.

नाव आणि वस्तू वेगळी असल्याची ही जाणीव अगदी लहान वयात कशी प्रकटते, याचे चित्र वर्नर लिओपोल्ड यांच्या चार खंडांत आहे. हे जर्मन विद्वान अमेरिकेत शिकागोजवळच्या विद्यापीठात अध्यापक होते. १९३० साली त्यांना कन्या झाली, तिचे नाव हिल्डेगार्ड. बाप तिच्याशी जर्मन बोले, आई इंग्रजी. बापाने तिच्या बोलण्याची टिपणे ठेवली आणि १९३९ ते १९४९ या काळात ती छापली. आपली मुले गोष्ट ऐकताना आजीने एक शब्द बदलला तरी टोकतात, ‘तसं नाही, असं!’ म्हणून हटून बसतात. हिल्डेगार्डचा असा हट्ट नसे. अर्थ कायम राहिला की शब्द बदललेले तिला चालत. पाचव्या वर्षाच्या सुमारास काही महिने ती जर्मनीत राहिली, तेव्हा तिची जर्मन सुटली आणि इंग्रजी अडखळू लागली. अमेरिकेत परतल्यावर चक्र उलटे फिरले. भाषा कानावर पडली तर राहते, न पडली तर गंजते, एवढेच त्यातले रहस्य.

आता भेसळीविषयी. ‘आई, मला नीर पाहिजे’ असे मूल म्हणाले की आपण कपाळाला हात लावतो. १९७८ साली व्होल्टेरा व टेश्नर या संशोधिकांनी असे मांडले होते की लहान मुलाच्या मनात आरंभी दोन्ही भाषांची एकच सरमिसळ असते. पुढे हे मत टिकले नाही. अँटवर्पमध्ये डच व इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या एका मुलीचा अभ्यास अ‍ॅनिक द हाउवर यांनी १९९० साली छापला. तिसऱ्या वर्षाच्या आसपासच ती दोन्ही भाषांचे व्याकरण वेगवेगळे चालवीत होती आणि कोणाशी कोणती भाषा बोलावयाची हे तिला कळत होते. २०१० सालच्या एका प्रयोगात तर कॅनडातील नवजात अर्भके तपासली. गरोदरपणी आई इंग्रजी व फिलिपाइन्सची तागालोग अशा दोन्ही भाषा बोलत असली, तर जन्मतःच मूल दोन्हींकडे सारखे कान देते आणि त्या निरनिराळ्या असल्याचेही ओळखते. तेव्हा ‘नीर’ म्हणणारे मूल गोंधळलेले नसते. त्या क्षणी जो शब्द हाताशी सापडला तो त्याने घेतला, एवढेच. आपण मोठी माणसेही कचेरी आणि बाजार यांच्या भाषा एकाच वाक्यात नांदवतोच की! सांगलीजवळच्या कुपवाड गावी मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या शेजाराने इतकी एकसारखी झाली आहे की गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली त्यावर लिहिलेला निबंध भाषाशास्त्रात जगभर वाचला जातो. व्याकरण जवळ आले, पण शब्द ज्याने त्याने आपल्या घरचे राखले.

मुलाला ‘शब्द कमी येतात’ अशी तक्रार शाळेतून आली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९९३ साली मायामी शहरी बार्बरा पीअर्सन व सहकाऱ्यांनी स्पॅनिश व इंग्रजी शिकणाऱ्या तान्ह्यांचे शब्द मोजले. दोन्ही भाषांतले मिळून मोजले, तर ती एकभाषिकांपेक्षा कमी नव्हती. एकाच खिशातले पैसे मोजून कोणाला दरिद्री ठरवू नये.

परंतु उत्साहाच्या भरात उलट टोकही गाठू नका. द्विभाषिक मुलाची एकाग्रता व मनोनिग्रह श्रेष्ठ असतो असे टोरोंटोच्या एलन बायलिस्टॉक यांचे पुष्कळ संशोधन सांगते. पण २०१९ साली अमेरिकेतील नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या पाहणीत तसा लाभ आढळला नाही. वाद चालू आहे. मूल दोन भाषांनी बृहस्पती होईल असे आश्वासन मी देणार नाही. दोन भाषांनी ते बिघडत नाही, इतके मात्र निःशंकपणे सांगतो.

मग इंग्रजी शाळेने काय बिघडते? येथे माँट्रियलचाच दुसरा प्रयोग पाहावा लागतो. १९६५ साली सेंट लँबर्ट या उपनगरातील इंग्रजी भाषिक पालकांनी आपली मुले आरंभापासून फ्रेंच माध्यमात घातली. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांचे इंग्रजीही उणे पडले नाही. आपल्याकडील इंग्रजी शाळांचे चालक हा दाखला आनंदाने देतील. पण त्या मुलांची इंग्रजी घरी, रस्त्यावर, दुकानात, सरकारात सर्वत्र प्रतिष्ठेने नांदत होती. ती बुडण्याचा प्रश्नच नव्हता. लँबर्ट यांनी स्वतः हा भेद केला : काही ठिकाणी दुसरी भाषा पहिलीत भर घालते, काही ठिकाणी ती पहिलीची जागा घेते. आणि अल्पसंख्य मुलांना बहुसंख्यांच्या मुलांचे औषध देऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. सीमाभागातील मराठी मुलाच्या भाषेला शाळेत, पाटीवर, कचेरीत तशी प्रतिष्ठा नाही. घरातूनही ती उठली, तर तिला उभे राहावयास उरते काय? म्हणून घरात मराठी बोला, वाचून दाखवा, हिशेब मराठीत घाला. त्याने इंग्रजीचे किंवा कानडीचे यत्किंचितही नुकसान होत नाही. एका भाषेत पक्के झालेले वाचन दुसरीत उपयोगी पडते, हे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून वारंवार मांडले आहे.

राहिला आपल्या अर्जांचा प्रश्न. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. ३५०-ब प्रमाणे त्यासाठी विशेष अधिकारीही नेमला जातो. त्या अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या अर्जात ‘दुसरी भाषा मुलांना झेपत नाही’ हे वाक्य यापुढे घालू नये. ते खोटे आहे, आणि समोरच्या बाजूला खोडून काढावयास सोपे आहे. आपल्या मुलांना कानडी येते, उद्याही येईल. अर्जात शाळेचे नाव, मराठी मुलांची संख्या, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांची संख्या आणि रिकाम्या जागांच्या तारखा लिहाव्यात, आणि कलमाचा क्रमांक अंकात व अक्षरात दोन्ही द्यावा.