रबराच्या कातड्यातला माणूस : गॉडझिला, पॉवर रेंजर्स आणि आपला पूर

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून काहीजण हसणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. रबराचा सूट घालून खोटी शहरं तुडवणारे जपानी राक्षस, आणि त्यांच्याशी मारामारी करणारे रंगीत हेल्मेटवाले हिरो. हसा, काही हरकत नाही. मीपण हसायचो. पण त्याआधी घरातली एक गोष्ट सांगतो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणजे बघा. आम्ही सगळे मिरजेला मामाकडं गेलो होतो. पाणी ओसरल्यावर घरी आलो, दोन दिवस नुसता चिखल काढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या काकांचा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा, अंगावर गोधडी घेऊन, हात वर करून, पाय आपटत खोलीत आला. आई म्हणाली, "काय रे, वाघ झालास का?" तर म्हणतो, "न्हाई काकू, मी पूर हाय." जमिनीवर त्यानं काडेपेट्यांची घरं मांडली होती. ती सगळी पाडली. मग बसून परत रचली. परत पाडली. असं चार-पाच दिवस चाललं होतं.

तेव्हा आम्हाला ती पोराची मस्ती वाटली. पुढं मी १९५४ चा पहिला गॉडझिला बघितला आणि एकदम ती गोधडी आठवली.

आता ५४ सालात काय झालं होतं ते ऐका. १ मार्चला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जपानची एक मासेमारी बोट, तिच्या नावाचा अर्थ होतो 'भाग्यशाली ड्रॅगन', त्या राखेत सापडली. खलाशी आजारी पडले, सप्टेंबरमध्ये त्यातला एकजण गेला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' लागला. गोजिरा म्हणजे गोरिला अधिक कुजिरा. कुजिरा म्हणजे देवमासा. समुद्रातला हा जुना प्राणी बॉम्बच्या चाचण्यांमुळं बाहेर येतो आणि टोकियो जाळतो. सिनेमाची सुरुवातच होते एक बोट जळण्यापासून. थिएटरमधल्या प्रत्येकाला कळत होतं, हे कशाबद्दल चाललंय.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमातून आले होते. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्या सिनेमात राक्षस निघून गेल्यावर कॅमेरा दवाखान्यात जातो. जखमी माणसांच्या रांगा, आईसाठी रडणारी पोरं. असला सीन राक्षसाच्या सिनेमात आपण कधी बघतो का? जपानमध्ये त्या सिनेमाची सुमारे ९६ लाख तिकिटं खपली.

बरं, राक्षस केला कसा? इफेक्ट्सचं काम एइजी त्सुबुराया यांच्याकडं होतं. त्यांना आवडायचा 'किंग काँग', म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम घ्यायची ती पद्धत. पण तेवढा वेळ आणि पैसा कुठं होता? मग सूट शिवला आणि त्यात माणूस घातला. हारुओ नाकाजिमा. पहिला सूट साधारण १०० किलोचा. आत दिवे-कॅमेऱ्यांची धग, श्वास घ्यायला त्रास. हा गडी प्राणीसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघत बसायचा. पुढं १९७२ पर्यंत त्यानंच गॉडझिला केला. आणि ती डरकाळी? संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या वाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून चामड्याचा हातमोजा घासला. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जपानचं, आपला काय संबंध? संबंध आहे. ३ नोव्हेंबरनंतर दोन दिवसांनी कुठला दिवस येतो? ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली इथंच सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी, विष्णुदास भावेंनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं. हे शाळेत शिकलोय आपण. शाळेत न सांगितलेली गोष्ट म्हणजे त्या काळच्या नाटकांत लोकांची आवडती एंट्री राक्षसाची असायची! तोंड रंगवलेला, भरगच्च पोशाखातला गडी "अललडुर्र" करत यायचा, मशालीवर राळ टाकून भपकन जाळ काढायचे, आणि पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. त्या आरोळीवरून असल्या नाटकांना 'अललडुर्र' नाटकंच म्हणायला लागले. पोशाखातला माणूस, खरा जाळ, मोठा आवाज. त्सुबुरायांच्या स्टुडिओत तरी वेगळं काय होतं?

आणि हा धागा तुटलेला नाही. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या रामदास पाध्ये यांनी. तेच पाध्ये, ज्यांनी १९९३ च्या 'झपाटलेला'साठी तात्या विंचू केला. तात्या विंचूला घाबरून पांघरुणात शिरलेले हात वर करा!

परत जपानला जाऊ. साठच्या दशकात घरोघरी टीव्ही आला आणि राक्षस दर आठवड्याला लागायला लागला. १९६६ ला त्सुबुरायांच्या कंपनीनं 'अल्ट्रामॅन' आणला. हा हिरो राक्षसाएवढाच उंच होतो, पण पृथ्वीवर त्याला तीनच मिनिटं मिळतात. छातीवरचा दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, वेळ संपत आली. मोठ्या मारामारीला पैसे लागायचे, म्हणून ती छोटी ठेवलेली. तंगीतून किती भारी गोष्ट निघाली बघा. १९७१ ला शोतारो इशिनोमोरी यांचा 'कामेन रायडर' आला, टोळाच्या तोंडवळ्याचा मुखवटा घातलेला बाईकवाला. १९७५ ला त्यांचाच 'गोरेंजर', पाच जण, पाच रंग. १९७८ ला तोएई कंपनीनं चक्क जपानी स्पायडरमॅन केला आणि त्याला अवाढव्य रोबो दिला. तो रोबो पोरांना एवढा आवडला की पुढच्या वर्षापासून पाच रंगांच्या टीमलाही रोबो मिळाला.

ओळखीचं वाटतंय? १९९३ ला अमेरिकेनं यातलीच एक जपानी मालिका घेतली. हेल्मेट घातलेली मारामारी जपानचीच ठेवली, हेल्मेट काढल्यावरचे सीन अमेरिकन पोरांना घेऊन शूट केले. झाले 'पॉवर रेंजर्स'! आपण जेटिक्सवर बघत होतो ते हेच. म्हणजे शाळेच्या मैदानावर "मी रेड, तू ब्लू" करून भांडत होतो, तेव्हा आपण गॉडझिलाच्या नातवंडांशी खेळत होतो.

आता मुद्द्याचं बोलतो. जपानकडं बॉम्ब होता, म्हणून त्यांचा राक्षस तसा झाला. आपल्याकडं काय आहे?

साताऱ्यात कोयना आहे. १०३ मीटर उंच धरण, मागं शिवसागर. १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि जमीन हलायला लागली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारनंतर मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, जवळपास १८० माणसं गेली. धरणात साठवलेल्या पाण्याचा आणि या भूकंपांचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याचा अभ्यास आजही चालू आहे, त्यासाठी कराडजवळ खास प्रयोगशाळा आहे, जमिनीत खोलवर भोकं पाडलीत. जरा विचार करा. माणसानं गरजेसाठी, चांगल्या हेतूनं काहीतरी बांधलं आणि जमिनीखाली झोपलेलं काहीतरी जागं झालं. ही आपली गोजिराची गोष्ट नाही का? आणि तिच्यात खलनायकही नाही. त्याच धरणानं दिलेल्या विजेवर आपले फोन चार्ज होतात.

आणि सांगलीत कृष्णा आहे. वर्षभर आई, आणि ऑगस्टमध्ये पायरी चढून घरात येणारी.

आमच्या घरात भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. रंग द्यायला माणूस आला, तेव्हा आजोबा म्हणाले, "तेवढी राहू दे." पुरावर त्यांनी आजवर एवढंच वाक्य बोललंय. विचारलं की विषय बदलतात. माझा तो भाऊ मात्र गोधडी घेऊन पाचव्या दिवशी मोकळा झाला. भीतीला त्यानं हातपाय दिले, स्वतः तिच्या आत शिरला आणि पाडलेली घरं स्वतःच रचली. होंडा आणि नाकाजिमा यांनी अख्ख्या देशासाठी हेच केलं. म्हणून 'सूट खोटा दिसतो' म्हणून हसणाऱ्याला मी आता एवढंच म्हणतो, आत माणूस आहे, तो बघ.

पैसे नाहीत, हे कारण सांगू नका. २०२४ ला 'गॉडझिला मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. इफेक्ट्सची टीम किती जणांची? ३५. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळ याहून मोठं असतं! आणि सेट, मुखवटे, दिवे, जाळ हे सगळं आपली मंडळं दर वर्षी देखाव्यात करतातच की.

तर या आठवड्याचं काम. घरात ज्यांनी ६७ चा भूकंप किंवा २००५, २०१९ चा पूर बघितलाय, त्यांच्याशेजारी बसा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी त्यांना विचारा. एकच प्रश्न, "तेव्हा आवाज कसा येत होता?" पाणी किती फूट होतं ते विचारू नका, आवाज विचारा. मी काल आजोबांना विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आवाजच नव्हता रे. रात्री उठलो तर पाणी खाटेपाशी."

आपल्या राक्षसाला डरकाळी नसेल. तो गुपचूप येईल. हे मला माहीत नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.