चामुंडीला सायकलने वळसा



दक्षिणेकडची शैक्षणिक सहल म्हटली की तीत म्हैसूर असतेच. राजवाडा, वृंदावन उद्यान, प्राणिसंग्रहालय आणि शेवटी चामुंडी टेकडी, हा क्रमही ठरलेला. बस वर चढते, देवीचे दर्शन होते, महिषासुराच्या रंगीत पुतळ्यासमोर छायाचित्र निघते आणि तासाभरात बस उतरूही लागते. टेकडी मात्र पाहायची राहून जाते. ती पाहावी सायकलवरून. म्हैसूरला हे वाहन परके नाही. सार्वजनिक सायकली भाड्याने देणारी ‘ट्रिन ट्रिन’ योजना या शहरात २०१७ सालीच सुरू झाली.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरांवर आहे आणि टेकडीचा माथा सुमारे १०६० मीटरांवर. म्हणजे चढण तीनशे मीटरांच्या आतबाहेरची. सिंहगडाचा घाट सायकलने चढणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. पण रोज रिक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलाला दुसऱ्याच वळणावर धाप लागेल. पहाटे ललितमहालाच्या बाजूने निघावे. १९२१ साली व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी उभारलेला तो पांढराशुभ्र महाल हळूहळू खाली जाऊ लागतो, कारंजी तलावाचे पाणी दिसू लागते आणि आपण किती वर आलो ते कळते. मोटारीत बसलेल्याला हे मोजमाप मिळत नाही, कारण त्याचे पाय चढत नसतात.

वाटेत नंदी लागतो. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत तो एकाच शिळेतून घडवला गेला. उंची सुमारे पाच मीटर. डोंगरावर चढणाऱ्या सुमारे हजार पायऱ्याही त्याच काळातल्या. ज्या ग्रॅनाइटची ही टेकडी बनली आहे त्याचे वय भूवैज्ञानिक सुमारे ८० कोटी वर्षे सांगतात. सह्याद्रीचा आपला काळा बसाल्ट त्यापुढे अगदीच तरुण, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

आता डोंगरी सायकलीविषयी थोडेसे. हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७०च्या दशकात रुजला. काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातील मातीच्या वाटेने उतरत. १९७६ पासून तेथे शर्यती होऊ लागल्या. उतार सुमारे चारशे मीटरांचा आणि ब्रेक पायडल उलटे दाबून लागणारा. त्यामुळे तुंब्यातील ग्रीस तापून अक्षरशः धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे गिअर, धक्के शोषणारे पुढचे काटे आणि चकतीचे ब्रेक आले, आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. पण ज्या मरिनमध्ये खेळ जन्मला तेथेच पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यात वाद पेटला, आणि अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. हा वाद निव्वळ हेव्यादाव्याचा नव्हता; त्याच्या मुळाशी माती होती.

उतारावर घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरत जाते. ओल्या मातीत त्याची चर उमटते. पुढच्या पावसाचे पाणी ती चर शोधते, तिच्यातून धावते आणि एका पावसाळ्यात बोटभर चरीची घळ होऊ शकते. म्हणून वाट आखणारे जाणकार ती डोंगराच्या कुशीने आडवी नेतात, बाहेरच्या कडेला किंचित कलती ठेवतात आणि वाटेचा चढ त्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त होऊ देत नाहीत. म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता ती ओलांडून निघून जाते. जनावरांच्या आणि सरपणाच्या जुन्या पायवाटा अशा आखलेल्या नसतात. त्या सरळ खाली उतरतात.

चामुंडीचा उतार किती नाजूक आहे हे ऑक्टोबर २०२१ मधील अतिवृष्टीत दिसले. नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड खचली आणि वाहतूक बंद करावी लागली. ती सायकलींनी खचली नव्हती, पाण्याने खचली. परंतु जेथे पक्का रस्ता तग धरत नाही तेथे आपल्या हौसेने पाण्याला नवी वाट करून द्यावी काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय टेकडीचा मोठा भाग राखीव वन आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे. साहसाच्या नावाखाली मुलांना तेथील आडवाटांवर सोडणे योग्य नव्हे. वनखात्याची परवानगी, कोरडा हंगाम आणि वाटेचा जाणकार या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो विचार करावा. पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचा मोह तर कोणी धरूच नये. प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत चढणाऱ्या बायका तेथे असतात.

मग उरते काय? पुष्कळ उरते. माथ्यावरून उत्तनहळ्ळीच्या बाजूने डांबरी रस्त्याने उतरावे. आषाढातले शुक्रवार आणि दसऱ्याचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा रस्ता भाविकांचा असतो. उतरताना वजन मागे घ्यावे, पायडल समपातळीत ठेवावीत, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत सोडावेत आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणाऱ्याची सायकल घसरते. पालकांनी एवढे आधी मैदानावर घोटून घ्यावे. खाली उत्तनहळ्ळीला ज्वालामुखी त्रिपुरसुंदरीचे देऊळ आहे. लोक तिला चामुंडीची बहीण मानतात. तेथे थांबून पाणी प्यावे, ब्रेकच्या चकत्या निवू द्याव्यात आणि बाह्य वळणरस्त्याने नंजनगूड रस्त्याला लागून शहरात परतावे. सहलीच्या बसला कधीच न दिसणारी टेकडीची दुसरी बाजू या वाटेवर बराच वेळ सोबत असते.