खलनायकाचे बळ

विराटाच्या नर्तनशाळेत रात्रीच्या अंधारात भीम व कीचक यांची झुंज होते, तेव्हा व्यासांनी कीचकाला एकदा भीमास भूमीवर पाडू दिले आहे. हे पाडणे क्षणभराचेच. परंतु तेवढ्याने श्रोत्याच्या काळजात धस्स होते, आणि पुढच्या पराक्रमाला किंमत येते. याच कथेवर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रचले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला व सरकारने पुढे नाटकावर बंदी घातली. कीचक दुबळा असता तर सरकारने एवढे कष्ट घेतले नसते.

बलाढ्य खलनायक लढताना कसा दाखवावा, हा प्रश्न आता चित्रपटकारांपुढे आहे. त्याचे एक ठळक उदाहरण पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या रानातून आलेले आहे. १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुके त्याच जिल्ह्यात मोडत. तेव्हा हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. तेथील गोंड पुढारी कोमरम भीम याच्या नावावर, परंतु सर्वस्वी कल्पित कथानकावर, राजमौलींचा ‘आरआरआर’ हा चित्रपट २०२२ साली पडद्यावर आला.

त्यातील गव्हर्नर स्कॉट साहेब, म्हणजे रे स्टीव्हन्सन हा नट, पहिल्याच प्रवेशात भयंकर वाटतो. शिपाई एका गोंड मातेवर बंदूक रोखतो. साहेब त्याला थांबवितो. दया म्हणून नव्हे! विलायतेहून येथवर आलेल्या गोळीची किंमत या बाईच्या जिवाहून अधिक आहे, हा त्याचा हिशेब. मग शिपाई लाकडाच्या ओंडक्याने काम उरकतो. साहेबाने बोटही उचललेले नाही, आणि तरी त्याच्या सत्तेचा वजनदार हात सर्वत्र जाणवतो. खलनायकाचे बळ दाखविण्याची याहून सरस रीत सापडणे कठीण.

दुर्दैवाने हा डौल शेवटापर्यंत टिकत नाही. नायकांपुढे शिपायांच्या रांगा गवतासारख्या आडव्या होऊ लागल्या, की सेनापतीही आपोआप खुजा होतो. दहांना मारणे अवघड असते. शंभरांना मारणे पडद्यावर फार सोपे होऊन बसते. त्याच गोळीने साहेबाचा अंत होतो, ही योजना चतुर खरी. पण तोवर त्याच्याविषयीचे भय ओसरलेले असते.

आपल्याकडील ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटात उदयभान मगर भाजून खातो. विक्षिप्तपणा म्हणजे सामर्थ्य, ही समजूत अलीकडे फार बोकाळली आहे. सभासदाच्या बखरीत असले काही नाही. तेथे तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतो, आणि अखेर दोघेही वीर पडतात. उदयभान केवढा होता हे सांगावयास त्याच्या तोंडी एकही वल्गना घालावी लागली नाही. तानाजीचा हातच ते सांगतो. नायकाने काय गमावले, यावरून शत्रूचे माप निघते.

आणि खरा भीम? त्याची लढाई कोणा गव्हर्नराशी नव्हती. निजामी राजवटीशी होती. राखीव जंगलाचे कायदे, गुरांच्या चराईवरील बंधने, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन पट्ट्याच्या कागदावाचून हातची जाणे, हे त्याच्या शत्रूचे रूप. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबाराने भीम व त्याचे काही साथीदार पडले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधावयास धाडले. सरकारलाही गोळीने प्रश्न मिटला असे वाटले नव्हते, हे त्यावरून उघड आहे.

असा शत्रू द्वंद्वयुद्धात बसवावयाचा कसा? त्याला पीळदार दंड देऊन, मिशीला ताव देववून भागणार नाही. तो दूरच उभा राहावा. भीमाचा बाण पोहोचणार नाही आणि आपली गोळी पोहोचेल, एवढे अंतर त्याने नेमके मोजलेले असावे. ते अंतर कॅमेऱ्याने सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाखवावे. मागे पार्श्वसंगीत नको. रानातला वारा पुरे.