ठेवीदाराची ओळख

पैशाचा व्यवहार हा मुळांत विश्वासाचा व्यवहार आहे. आणि विश्वास ठेवावयाचा, तर समोरचा मनुष्य कोण हें आधीं ठाऊक असावें लागतें. जुन्या सराफांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाहीं. त्यांच्या पेढ्यांवर ‘शहाजोग’ नांवाची हुंडी चालत असे. ती घेऊन कोणीहि आला, तरी पैसे लगेच हातीं पडत नसत. बाजारांत ज्याची पत व ओळख आहे, अशा ‘शहा’च्या मार्फतच ती वटत असे. हुंडी चोरीची निघाल्यास जाब विचारावयास ओळखीचा मनुष्य सांपडावा, हा त्यांतील हेतु. आजची बँक नव्या ठेवीदाराजवळ छायाचित्र, पत्ता आणि ओळखीचे कागद मागते. ‘केवायसी’ नांवाच्या या रिवाजाच्या मुळाशीं तेंच साधें शहाणपण आहे.

मनुष्य सामान्य असेल, तर हें काम सोपें असतें. तो सत्ताधारी असला म्हणजे मात्र तें कसें अवघड होऊन बसतें, याचें उदाहरण फिलिपाइन्स देशाच्या इतिहासांत सांपडतें.

मार्च १९६८ मध्यें झूरिक येथील क्रेडिट स्विस या बँकेंत ‘विल्यम साँडर्स’ आणि ‘जेन रायन’ अशा दोन नांवांनीं खातीं उघडण्यांत आलीं. साँडर्स म्हणजे त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस, आणि जेन रायन म्हणजे त्यांच्या पत्नी इमेल्डा. येथें बँकेची फसवणूक झाली म्हणावें, तर तसेंहि नाहीं. खोट्या नांवाबरोबर आपल्या खऱ्या नांवाचीहि सही मार्कोस यांनीं करून दिली होती. म्हणजे बँकेला मनुष्य ओळखूं आला होता. न विचारलेला प्रश्न दुसराच होता. पगारावर काम करणाऱ्या लोकसेवकाजवळ एवढा पैसा आला कोठून?

पुढें हा पैसा लिख्टेनस्टाइनसारख्या ठिकाणच्या प्रतिष्ठानांच्या नांवें ठेवला गेला. २५ फेब्रुवारी १९८६ रोजीं मार्कोस यांना देश सोडावा लागला, आणि महिन्याच्या आंतच स्विस सरकारनें त्यांची मालमत्ता गोठविली. तरीहि फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयानें ती सरकारजमा करण्याचा निकाल दिला, तो १५ जुलै २००३ रोजीं. न्यायालयानें हिशेब मांडला तो साधा, पण बोलका होता. उभयतां पतिपत्नींचा सगळ्या कारकीर्दींतील कायदेशीर पगार सुमारें ३ लाख ४ हजार डॉलर. आणि जप्तीची रक्कम सुमारें ६५ कोटी ८० लाख डॉलर.

हा पैसा कोणाचा होता, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. १९७२ मध्यें मार्कोस यांनीं लष्करी कायदा पुकारला, आणि पुढील काळांत हजारों माणसांनीं तुरुंगवास व छळ सोसला. त्यांना भरपाई देण्याचा कायदा २०१३ मध्यें झाला, आणि त्यासाठीं याच परत मिळालेल्या पैशांतून १० अब्ज पेसो राखून ठेवण्यांत आले. ११,१०३ व्यक्तींचा हक्क मान्य झाला. बँकेच्या टेबलावर न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत अशी चाळीस वर्षांनंतरहि कोणी तरी मोजीत असतो.

अशा अनुभवांतूनच निराळा नियम जन्मास आला. काळ्या पैशाचा माग काढण्यासाठीं पॅरिस येथें १९८९ मध्यें ‘फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिनें २००३ च्या शिफारशींत राजकीय पदस्थांचा स्वतंत्र वर्ग मानला. बँकांच्या बोलींत त्यास ‘पेप’ म्हणतात. राष्ट्रप्रमुख, मोठे राजकीय पुढारी, वरिष्ठ न्यायाधीश व सेनाधिकारी, सरकारी कंपन्यांचे प्रमुख अधिकारी हे सारे त्यांत येतात. त्यांचे कुटुंबीय व निकटचे सहकारीहि सुटत नाहींत. प्रारंभीं भर परदेशी पदस्थांवर होता; २०१२ मध्यें स्वदेशी पदस्थांचाहि विचार शिफारशींत आला. भारतांत मात्र या वर्गाची व्याख्या परदेशानें मोठें पद सोंपविलेल्या व्यक्तींपुरतीच आहे.

या वर्गांत नांव येणें म्हणजे दोषी ठरणें नव्हे. सत्तेबरोबर मोह येतो, एवढेंच नियम गृहीत धरतो. अशा व्यक्तीचें खातें उघडावयाचें, तर वरिष्ठांची संमति घ्यावी, पैशाचा उगम विचारावा, आणि पुढेंहि व्यवहारावर लक्ष ठेवावें, असें तो सांगतो.

तथापि नांवांची यादी जवळ असली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. एकाच नांवाचीं अनेक माणसें असतात, आणि एकाच माणसाचें नांव निरनिराळ्या लिप्यांत निरनिराळें लिहिलें जातें. तेव्हां जन्मतारीख, हुद्दा, नातीं हीं सारीं ताडून पाहावीं लागतात. खातें कंपनीचें असेल, तर तिच्या पडद्याआडचा खरा धनी शोधावा लागतो. भारतीय नियमांत कंपनीच्या दहा टक्क्यांहून अधिक भांडवलाचा किंवा नफ्याचा मालक हा असा धनी मानला जातो.

काळ्या पैशाविरुद्धचा भारतीय कायदा २००२ चा. तो १ जुलै २००५ पासून अंमलांत आला. त्या कायद्यानें व रिझर्व्ह बँकेच्या आदेशांनीं आज घरोघरच्या खातेदारास कागद दाखवावे लागतात. त्याचा कित्येकांस त्रास वाटतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाहीं. ज्या मजुराजवळ पत्त्याचा पुरावाच नाहीं, त्यास बँकेच्या दारांतून परत फिरावें लागलें, तर चोर बाहेर राहिला असें होत नाहीं. गरीब तेवढा बाहेर राहतो. म्हणूनच नियमांत ‘लहान खात्या’ची सोय आहे. छायाचित्र आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर तें उघडतां येतें. मात्र त्यांत एका वेळीं ५० हजार रुपयांहून अधिक शिल्लक ठेवतां येत नाहीं.

गृहिणींनीं व वृद्धांनीं आणखी एक भेद ओळखावा. बँक विचारते तें नांव, पत्ता, व्यवसाय आणि पैशाचा उगम. गुप्त क्रमांक किंवा फोनवर आलेले सांकेतिक आंकडे केवायसीच्या नांवाखालीं जो मागतो, तो बँकेचा मनुष्य नव्हे, हें निश्चित समजावें.

बँकेच्या कारकुनानें विनयानें विचारलेला प्रश्न हा अपमान नाहीं. मात्र तो प्रश्न साध्या पेन्शनरास जितक्या निःसंकोचपणें विचारला जातो, तितक्याच निःसंकोचपणें मंत्र्याच्या पुत्रासहि विचारला गेला पाहिजे. ज्या बँकेंत तेवढें धैर्य नाहीं, तेथें कागदांचे गठ्ठे कितीहि वाढले, तरी विल्यम साँडर्सला खुर्ची मिळतच राहील.