कसलीही हमी नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तू काय करतेस ते सोप्या भाषेत सांग’ असं संयोजकांनी बजावलंय. कंपनीत दिवसभर काय करते ते सांगायला लागले तर जेवणाआधीच तुम्हाला डुलकी लागेल. म्हणून नोकरीबाहेरच्या एका उद्योगाबद्दल बोलते. त्यात पगार मिळत नाही, बोलणी मात्र खावी लागली.

आपल्या वेळी संगणकावरच्या मराठीचे फॉण्ट ज्याचे त्याचे वेगळे असत, आठवतंय? एका छापखान्यातली फाइल दुसरीकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्रॅम मी एका दिवाळीच्या सुट्टीत लिहिला आणि इंटरनेटवर ठेवून दिला. खाली एकच ओळ लिहिली : ‘मोफत आहे, हवा तर वापरा.’

वर्षभराने एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. त्यांनी जुन्या अहवालांच्या फाइली माझ्या प्रोग्रॅममधून काढून एक पुस्तक छापलं होतं. तीनशे प्रती, लोकवर्गणीतून. समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी स्वतःचं आडनाव शोधलं आणि विचारलं, “हे गोर्हे कोण?” गोऱ्हे, कऱ्हाडे, सगळ्यांच्या डोक्यावर रफार चढला होता. सहलीच्या वृत्तांतात मंडळी दऱ्या ओलांडण्याऐवजी दर्या ओलांडत होती. स्नेहभोजनाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे तर एकदम आचार्य झाले होते.

बाई, तुम्ही आठवीत हाच फरक फळ्यावर लिहून दाखवला होतात. मला तो पक्का माहीत होता. पण जुन्या फॉण्टमधल्या त्या अर्ध्या र च्या चिन्हासाठी मी तक्त्यात साधा र आणि हलन्त दिला होता. त्यापुढे य किंवा ह आला की संगणक नियमाप्रमाणे रफार काढतो. तिथे नुक्ता असलेला ऱ द्यायला हवा होता. चाचणीसाठी घेतलेल्या पानांत असा शब्दच नव्हता.

“ताई, हे आता कोण निस्तरणार?” कार्यवाहांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मी घाबरून आपल्या वकील मैत्रिणीला फोन केला. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेत नाही. तिने पहिला प्रश्न विचारला, “परवाना कुठला लावला होतास?” कुठलाच नव्हता. फुकट देतेय त्याला परवाना कशाला, अशी माझी समजूत. मग तिने समजावलं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. लिहिला की हक्क लेखकाचे, कुठे नोंदवावे लागत नाहीत. म्हणजे ‘हवा तर वापरा’ एवढ्याने दुसऱ्याने तो बदलायचा का, पुढे वाटायचा का, हे काहीच स्पष्ट होत नव्हतं. आणि बिघाड झाला तर जबाबदारी कोणाची, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

गंमत म्हणजे रोज नोकरीत मी असे परवाने बघत होते आणि एकही नीट वाचला नव्हता. त्या रात्री वाचले. एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. पहिल्यात वापरा, बदला, वाटा, विका अशी परवानगी. दुसऱ्यात अट एकच, ही सूचना प्रतीसोबत ठेवा. तिसरा सगळा कॅपिटल अक्षरांत : सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. ही मोठी अक्षरं अमेरिकेतल्या व्यापारी कायद्यामुळे आली. हमी नाकारायची तर ती ठळकपणे नाकारा, असं तो कायदा म्हणतो. (देवनागरीत ओरडायला वेगळी अक्षरं नाहीत, ते एक बरं आहे.) रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल पहिल्यांदा १९८९मध्ये आला. त्यातही हमी नाकारलेली आहे. १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीत तर असंही आहे की कोणाला हवं तर त्याने पैसे घेऊन हमी द्यावी. म्हणजे वस्तू मोफत आणि भरवसा विकत. या भरवशावर मोठमोठ्या कंपन्या चालतात.

आधी मला ही पळवाट वाटली. मग २०१४चा हार्टब्लीड आठवला. ओपनएसएसएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर जगातल्या असंख्य संकेतस्थळांचं कुलूप होतं. समोरचा संगणक सांगेल ती लांबी न तपासता खरी मानायची, एवढीच त्यातली चूक. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेर काढता येत होता. एवढ्या मोठ्या कुलपाची देखभाल मूठभर माणसं करत होती आणि त्यांना देणगी मिळत होती वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. ही भरपाई त्यांच्याकडून वसूल करता आली असती, तर पुन्हा कोणी मोफत काही लिहून लोकांपुढे ठेवलं असतं का? मी तर नसतं ठेवलं. आणि विकतच्या सॉफ्टवेअरचे करारसुद्धा एकदा वाचून पाहा. बऱ्याचदा तिथेही भरपाई दिलेल्या किमतीपुरतीच असते.

तरीही कार्यवाहांच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या परवान्यात नव्हतं. त्यांच्या सगळ्या फाइली मी मागवून घेतल्या, तक्ता दुरुस्त केला, मजकूर पुन्हा काढला आणि या वेळी ओळ न् ओळ स्वतः वाचली. शुद्धिपत्रक निघालं चार पानांचं. छपाईचे पैसे मी पाठवले. वकीलबाई म्हणाल्या, “देऊ नकोस, चूक कबूल केल्यासारखं होईल.” पण चूक होतीच की! कार्यवाहांनी पावती पाठवली, वर ‘देणगी’ असा शिक्का मारून.

त्यानंतर प्रोग्रॅमला जीपीएल लावला. एमआयटीपेक्षा तो निवडला, कारण कोणी सुधारून पुढे वाटला तर त्या सुधारणेचा सोर्स कोडही सोबत द्यावा लागतो. हमी नाकारणारा मजकूर आहेच, आणि तो मी काढणार नाही. पण तो इंग्रजीत, कोण वाचतंय? म्हणून वर मराठीत माहीत असलेल्या चुकांची यादी ठेवली. पहिली ओळ : ‘छापण्याआधी आडनावं मूळ प्रतीशी ताडून पाहा.’ त्या यादीत आता माझ्यापेक्षा इतरांनी शोधलेल्या चुका जास्त आहेत. एक तर सोलापूरच्या कॉलेजच्या मुलाने पाठवली, दुरुस्तीसकट.

जाता जाता एक काम सांगते. आपल्या शाळेच्या हस्तलिखिताच्या जुन्या फाइली स्मरणिकेसाठी माझ्याच प्रोग्रॅममधून काढल्या आहेत. छापलेली पानं बाहेरच्या टेबलावर आहेत, पेन्सिल दोरीने बांधली आहे. जेवायला जाताना प्रत्येकाने आपलं नाव बघा. बाई, तुम्ही मात्र सगळीच पानं बघा.